लेण्याद्रीचे जुने बिऱ्हाड

अष्टविनायकाची यात्रा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी केलेली असतेच. कोणी ती दोन दिवसांत उरकतात, कोणी नवस म्हणून वर्षानुवर्षे एकेक गणपती करीत जातात. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री ही आठ नावे लहानपणी पाढ्यांसारखी पाठ झालेली असतात. परंतु या आठांतला एक गणपती इतर सातांहून वेगळा आहे, हे यात्रा करून आलेल्यांपैकीही फार थोड्यांच्या ध्यानात राहते. बाकीच्या सातांना भक्तांनी देवळे बांधून दिली. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला कोणी देऊळ बांधले नाही. तो राहतो बौद्ध भिक्षूंच्या घरात.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तीन दिवस हिंडलो. आम्ही म्हणजे माझ्या सासूबाई, हे, मी आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेले आमचे चिरंजीव. निघण्याचे कारण सासूबाईंचा नवस. चिरंजीव तीन वर्षांचे असताना मोठ्या आजारातून उठले, तेव्हा त्यांनी अष्टविनायक बोलला होता. सात झाले. आठवा डोंगरावर, सुमारे तीनशे पायऱ्यांच्या वर. आणि गुडघ्यांनी मध्येच संप पुकारला. होता होता सोळा वर्षे लोटली. "मी गेल्यावर तुम्ही फेडाल, पण तो नवस काही मी तुमच्या नावानं बोलले नव्हते," असे त्या एकदा जेवताना म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात आम्ही निघालो.

वाट

पुण्याहून खेड, मंचर, नारायणगाव करीत जुन्नरला जायचे. अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. मंचर सोडले की आंबेगाव तालुक्याची हिरवी शेते मागे पडतात, आणि नारायणगावच्या पुढे समोर डोंगर उभे राहू लागतात. यात शिवनेरी लगेच ओळखू येतो. शिवछत्रपतींचा १६३० सालचा जन्म या किल्ल्यावरचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. परंतु शिवनेरीच्या कड्यांत महाराजांच्या जन्माआधी दीड हजार वर्षांपासून लेणी कोरलेली आहेत, आणि एका लेण्याच्या छतावर जुन्या रंगकामाच्या खुणा अजून दिसतात, हे फारसे कोणी सांगत नाही. जुन्नरभोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी देशात दुसरीकडे नाहीत.

ती इथेच का, याचे उत्तर पश्चिमेला आहे. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल सातवाहनांच्या काळी या घाटाने वर चढे आणि जुन्नरला येई. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. जिथे व्यापारी तांडे, तिथे दान. आणि जिथे दान, तिथे भिक्षू. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी राहायचे, असा नियम होता. त्या वर्षावासासाठी निवारा हवा, पाणी हवे, आणि भिक्षेसाठी फार दूर नसलेले गाव हवे. जुन्नरमध्ये तिन्ही होते.

तीनशे पायऱ्या

पहिल्या दिवशी ओझरच्या विघ्नहराचे दर्शन घेतले आणि दुसऱ्या सकाळी लेण्याद्रीच्या पायथ्याशी पोचलो. जुन्नरहून हे ठिकाण जेमतेम पाच किलोमीटर. वाटेत कुकडी नदी लागते. सासूबाईंसाठी डोली ठरवली. "जिवंतपणी चार खांद्यांवर जायचं म्हणजे मेलं कसंसंच वाटतं," असे म्हणत त्या बसल्या. डोलीवाले आसपासच्या गावचे. त्यांतल्या वयस्क भोयाने, "आजी, तुमच्यापेक्षा माझी बायको जड आहे," असे सांगून त्यांचा संकोच घालवला. आम्ही मागून धापा टाकीत, आणि पिशवीतल्या नारळावर डोळा ठेवून असलेल्या माकडांना चुकवीत, चढत होतो.

वर पोचले की डोंगराच्या पोटात आडवी कोरलेली लेण्यांची रांग दिसते. लहानमोठी धरून सुमारे तीस लेणी. सर्वांची तोंडे दक्षिणेला. पाठीशी खडक, समोर कुकडीचे खोरे आणि पलीकडे शिवनेरी. लेणी हा शब्दही आपण त्या भिक्षूंच्याच काळापासून चालवीत आलो आहोत. इथल्या प्राकृत लेखांत 'लेण' हाच शब्द आहे. त्या लेण्यांचा अद्री, म्हणजे पर्वत, तो लेण्याद्री.

गणपतीचे लेणे सातव्या क्रमांकाचे. आत शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो मोकळेपणाचा. पन्नास-पंचावन्न फुटांचा लांबरुंद दिवाणखाना, आणि त्यात एकही खांब नाही. वर सगळा डोंगर तोललेला, आणि खाली मधे आधाराला काहीही नाही! तिन्ही बाजूंच्या भिंतींत मिळून वीस खोल्या. ही भिक्षूंची राहण्याची जागा, म्हणजे विहार. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांची एक करून तिथे गणपती आहे. मूर्ती खडकातच कोरलेली, शेंदराने माखलेली. डोंगरच पाठीशी असल्यामुळे प्रदक्षिणा घालता येत नाही. गिरिजेने, म्हणजे पार्वतीने, पुत्रासाठी इथे तप केले आणि तिला गजानन लाभला, म्हणून हा गिरिजात्मज, अशी कथा आहे.

सासूबाईंनी दूर्वा वाहिल्या, जास्वंदीची फुले वाहिली आणि सोळा वर्षांचे ओझे खाली ठेवले. किती तरी वेळ त्या भिंतीला टेकून बसून होत्या. आम्ही कोणी बोललो नाही.

बोलले ते चिरंजीव. बाजूच्या एका खोलीत डोकावून ते आले आणि म्हणाले, "आजी, या खोल्यांत माणसं राहायची. त्यांच्या घरात आपण देव आणून बसवला. हे अतिक्रमणच की!"

हे दचकले. देवापुढे असले बोलणे, आणि तेही नवस फेडल्या दिवशी! परंतु सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मग ती माणसं कुठं गेली?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. व्यापाराच्या वाटा बदलल्या, दाते राजे आणि श्रेष्ठी गेले, धर्माला उतरती कळा लागली. विहार ओस पडले. ओस पडलेल्या विहारात पुढे गणपती आला. हे यांनी आपल्या परीने सांगितले. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आमच्या वाड्यात नवीन बिऱ्हाड आलं, की माझी सासू त्यांना आधीच्या बिऱ्हाडाचं नाव सांगायची. म्हणायची, तुळस त्यांनी लावलेली आहे, पाणी घालत जा. इथं आधी कोण होतं, त्यांची नावं लिहून ठेवली आहेत का कुणी?"

नावे

नावे लिहून ठेवलेली आहेत. आणि ती कोणी नंतर लिहिलेली नाहीत. त्या माणसांनी स्वतःच दगडात कोरवून घेतलेली आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख १८८१ साली प्रसिद्ध केले, त्यात जुन्नरचे लेखही आहेत. निघण्यापूर्वी मी त्यांची टिपणे करून घेतली होती. ती वही पर्समधून काढली.

सात क्रमांकाला लागून सहा क्रमांकाचे लेणे आहे. ते चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, खांबांच्या माथ्यावर कोरलेली जनावरे, आणि टोकाला दगडी स्तूप. बुद्धाची मूर्ती नाही. ही लेणी कोरली त्या काळी बुद्धाची मूर्ती करण्याची रीत इथे नव्हती. स्तूपालाच वंदन करीत. वऱ्हांड्यातला लेख सांगतो की, हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याचे दान आहे. कल्याणचा माणूस नाणेघाट चढून इथवर आला, आणि डोंगरात चैत्यगृह कोरवून, बापाचे आणि आपले नाव ठेवून गेला.

सात क्रमांकाच्या दाराशी दर्शनाची गर्दी होती. सहा क्रमांकात मात्र एकच कुटुंब होते. मुंबईहून आलेले नवरा-बायको, दोन मुली आणि एक म्हातारे गृहस्थ. चपला बाहेर काढून, स्तूपापुढे बसून ते त्रिसरण म्हणत होते. त्या दगडी कमानीखाली आवाज असा घुमत होता की, पाच माणसांची पन्नास वाटावीत. सासूबाई दारातच थांबल्या. संपल्यावर म्हाताऱ्या गृहस्थांनी वळून पाहिले आणि "जय भीम" म्हणाले. यांनी नमस्कार केला.

बोलता बोलता कळले की, त्यांच्या वडिलांनी १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांबरोबर दीक्षा घेतली होती. तेव्हापासून वर्षातून एकदा कुठल्या तरी लेण्याला वंदनेला जायचे, असा घरचा शिरस्ता. कार्ले झाले, कान्हेरी झाली, आता जुन्नर. "इथे पायऱ्या चढताना चार जणांनी सांगितलं," ते हसून म्हणाले, "की काका, चुकलात, गणपती पलीकडे आहे."

हसले ते, परंतु आम्हाला काही हसू आले नाही. त्या हसण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागले. आपल्याच पूर्वजांच्या घरी यावे, आणि दारातल्या पाहुण्यांनी आपल्याला वाट चुकलेला समजावे!

सासूबाईंच्या ओंजळीत जास्वंदीची दोन फुले राहिली होती. "मी इथं ठेवली तर चालतील का?" त्यांनी विचारले.

"फूल कुणाचंही चालतं, ताई."

त्यांनी फुले ठेवली. मग म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "तुमच्या देवाचं दर्शन झालं का?" सोळा वर्षांची हकिगत ऐकून त्यांनी चिरंजिवांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मग हा तर विहारातच बरा झाला म्हणायचा!"

अंबा, अंबिका आणि यवन चंद

दुपारी मनमोडीच्या डोंगराला गेलो. हा जुन्नरच्या दक्षिणेला. इथे लेण्यांचे तीन गट आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. सासूबाई पायथ्याशी झाडाखाली बसल्या. वर आम्ही तिघेच. वाटेत भेटलेल्या गुराख्याने बजावले की, कड्याला आग्या मोहोळाची पोळी असतात, तेव्हा अत्तर नको, धूर नको, आरडाओरड नको. वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे.

भीमाशंकर गटात नहपान या क्षत्रप राजाच्या अमात्याचा लेख आहे. त्याचे नाव अयम. वर्ष ४६ असे लिहिले आहे. ते शक वर्ष मानले तर इसवी सन १२४ येते. दान काय, तर एक मंडप आणि पाण्याचे एक टाके. लेखात टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. राजाच्या मंत्र्याने दिलेले दान कसे असावे, तर तहानलेल्याला पाणी मिळेल असे!

अंबा-अंबिका गटातले लेख वाचताना तर आपण एखाद्या पतपेढीच्या दप्तरात शिरलो आहोत असे वाटते. बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी, म्हणजे आजच्या भाषेत संघ, जुन्नरला होत्या. भक्त त्यांच्याकडे पैसे ठेवीत, आणि त्याच्या उत्पन्नातून विहाराचा खर्च चाले. मुद्दल हलवायचे नाही, व्याज धर्माला. आपल्या मुदत ठेवीचीच ही पणजी! अडुथुम नावाच्या एका शक उपासकाने जमिनी दिल्या आहेत, त्या कशासाठी? करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी. दोन हजार वर्षांपूर्वी परक्या वंशाचा एक माणूस आमच्या जुन्नरात झाडे लावण्याची तजवीज करून गेला, हे वाचून चिरंजिवांनी मोबाइल खिशात ठेवला.

याच गटात पुढे जैनांनी मूर्ती कोरल्या, आणि त्यांतली अंबिका आसपासच्या बायाबापड्यांची देवी झाली. म्हणून नाव अंबा-अंबिका. भूतलिंग गटातल्या चैत्याचे दर्शनी काम फार देखणे. कमानीखाली मधोमध लक्ष्मी, दोन्हीकडे हत्ती आणि हात जोडलेली माणसे. आतले काम मात्र अपुरे राहिले आहे. या दर्शनी भागाचा दाता कोण? 'यवन चंद'. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या बाजूने आलेला परदेशी. नाव मात्र ठेवलेले आहे चंद! जुन्नरच्या लेखांत आणखी दोघे यवन आहेत. इरिल याने दोन टाकी दिली; चिट याने संघाला भोजनमंडप दिला.

म्हणजे बौद्धांचे चैत्यगृह, त्याच्या दारावर लक्ष्मी, आणि पैसे ग्रीकाचे! चिरंजिवांचा अतिक्रमणाचा मुद्दा इथे जरा अडखळला. "आई, मग मूळचं इथलं कोण?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "मूळचा इथला डोंगर."

तिसऱ्या दिवशी सकाळी तुळजा लेणी पाहिली. जुन्नरच्या पश्चिमेला, पाडळी गावाजवळ. इथले चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप आणि भोवती बारा साधे अठकोनी खांब. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले हे काम असावे असे अभ्यासक मानतात, म्हणजे लेण्याद्रीच्याही आधीचे. शेजारच्या लेण्यात तुळजादेवी आहे. लेण्याद्रीला गिरिजात्मज, इथे तुळजा, मनमोडीला अंबिका. आणि शिवनेरीवरही शिवाईच्या देवळामागच्या खडकात लेणी आहेतच. भिक्षू गेले, तरी गावकऱ्यांनी एकही डोंगर बिनदिव्याचा ठेवला नाही.

हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. आमचा भाचा नोकरीनिमित्त परदेशी असतो. तो आर्मेनिया देशात गेघार्ड नावाचा ख्रिस्ती मठ पाहून आला, त्याचे फोटो त्याने पाठवले. तिथेही डोंगर कोरून दालने केलेली आहेत. मुख्य चर्च १२१५ सालचे. आतल्या एका कोरीव दालनात झरा आहे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीही लोक त्या झऱ्याला पवित्र मानीत, असे सांगतात. धर्म नवा आला. पाणी तेच राहिले.

भीमाशंकरची घंटा

तुळजेहून परतीच्या वाटेने घोडेगावला आलो आणि डिंभे धरणावरून भीमाशंकर गाठले. जुने आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याच्या नावात तेवढे ते उरले आहे. पुढचा रस्ता दाट झाडीतला. १९८५ पासून हे अभयारण्य आहे, आणि नशीब असेल तर शेकरू दिसते. आमचे नशीब नव्हते.

ज्योतिर्लिंगाचे वर्णन नव्याने करायला नको. मला सांगायचे आहे ते तिथल्या घंटेविषयी. शनीच्या देवळापुढे दोन खांबांमध्ये आम्ही ती पाहिली. ती आपल्या देवळातल्या घंटेसारखी नव्हे, चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच, असे सांगतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर अशीच घंटा आहे. तिच्यावर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे.

"ही मात्र लूट," चिरंजीव म्हणाले. या वेळी यांनीही मान डोलावली.

खरेच आहे. लेण्याद्रीचा विहार ओस पडल्यावर गणपती तिथे आला. घंटा ओस पडलेली नव्हती. ती लढाईत जिंकून आणली. पोर्तुगीजांनी वसई प्रांतात देवळे पाडली होती, त्याचा राग मराठ्यांच्या मनात होता, हेही खरे. ही दोन्ही वारशांची घरे एका मापाने मोजता येणार नाहीत, आणि मोजूही नयेत. पण सासूबाईंची रीत दोन्हीकडे लागू पडते. आधी कुणाचे होते, ते नाव घ्यावे. नाव घेतल्याने आपला देव लहान होत नाही. नाव टाकले, तर मात्र आपण लहान होतो.

सासूबाईंनी हात उंचावला, परंतु घंटेपर्यंत तो पोचेना. चिरंजिवांनी त्यांना आधार दिला, आणि एक टोला पडला. आपल्या घंटेचा नाद कसा खणखणीत असतो. हिचा खोल, आणि बराच वेळ हवेत राहणारा. "समुद्रावरून आलेली आहे ना," त्या म्हणाल्या, "तिकडं लांबपर्यंत ऐकू जायला हवं."

या दिवाळीच्या सुटीत किंवा पुढे थंडीत तुम्ही अष्टविनायकाला जालच. लेण्याद्रीला गणपतीचे दर्शन झाले की लगेच पायऱ्या उतरू नका. शेजारचे सहा क्रमांकाचे लेणे पाहा. चालायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तिथे कोणी वंदना करीत असेल तर चपला बाहेर काढा आणि संपेपर्यंत थांबा. मुले बरोबर असतील तर त्यांना कल्याणच्या सुलसदताचे नाव सांगा. आणि पायऱ्यांवर कोणी भेटून सहा क्रमांकाच्या लेण्याची वाट विचारली, तर कृपा करून, गणपती पलीकडे आहे, असे सांगू नका.